सिंहराजाच्या काठावरचा चापडा

श्रीलंकेला जाणारी आपली मंडळी कँडी, नुवारा एलिया, सिगिरिया बघून येतात. मी आणि दादा गेलो ते एका सापासाठी. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. तो आंबोलीच्या खालच्या अंगाला राहतो आणि गेली बरीच वर्षं लोकांच्या घरात शिरलेले साप पकडून रानात नेऊन सोडतो. आंबोलीचा मलबार चापडा, झाडाझुडपांवर बसणारा विषारी साप, त्याने मला मी शाळेत असताना दाखवला होता. त्याच कुळातला एक हिरवा चापडा जगात फक्त श्रीलंकेच्या बेटावर सापडतो. सिंहली लोक त्याला पला पोलंगा म्हणतात. त्याला त्याच्या स्वतःच्या रानात बघायचं, एवढंच ठरवून आम्ही फेब्रुवारीत निघालो.

गुरुवार: कोलंबो ते कुडावा

मुंबईहून कोलंबो अडीच तासांचं विमान. विमानतळावर सिमकार्ड घेतलं, रुपये बदलले आणि ठरवून ठेवलेल्या गाडीत बसलो. रत्नपुरा येईपर्यंत भातखाचरं, रबराची झाडं आणि रस्त्याकडेला शहाळ्यांचे ढीग. रत्नपुरा हे माणकं आणि नीलम यांचं गाव. शेतात मध्येच ताडपत्री, पत्रे टाकलेल्या खोपी दिसतात, त्या रत्नांच्या खाणी. पुढे कलावाना, वेद्दगला करत रस्ता अरुंद होत जातो, चहाचे लहान लहान मळे दोन्ही बाजूंनी अंगावर येतात आणि एका वळणावर समोरचा डोंगर एकदम काळाभोर हिरवा होतो. तेच सिंहराजाचं राखीव रान.

आमचा मुक्काम कुडावा गावात एका घरी होता. घरधनीण साठीच्या, सगळे त्यांना अक्का म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. पोचताच त्यांनी कोऱ्या चहाचे पेले आणि बशीत कितुळाच्या गुळाचे खडे आणून ठेवले. चहात साखर नसते. गुळाचा खडा दाताखाली धरायचा आणि वर चहाचा घोट घ्यायचा. कितुळ म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. आपण त्याची पानं मांडवाच्या सजावटीला तोडतो, इथे त्याच्या फुलोऱ्यातून रस काढून काकवी आणि गूळ करतात. दादाने खडा तोंडात टाकला आणि आपल्या गावातल्या भेरली माडांचा मनातल्या मनात हिशेब करायला लागला, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

संध्याकाळी आमचे वाटाडे भेटायला आले. पन्नाशीचे, सडसडीत, खांद्यावर छत्री. नाव सांगून झाल्यावर म्हणाले, "मला अय्या म्हणा." अय्या म्हणजे थोरला भाऊ. त्यांनी आधी आमचे बूट तपासले, मग जळवांचे मोजे आणलेत का ते विचारलं आणि शेवटी एक अट घातली. साप दिसला तर त्याला हात लावायचा नाही, काठीने हलवायचा नाही, चांगल्या फोटोसाठी फांदी वाकवायची नाही. दादाने आपली सापकाठी मुद्दामच घरी ठेवली होती. ते ऐकून अय्या मोकळे हसले आणि तिथून पुढे दोघांचं जमलं ते जमलंच.

*जाणाऱ्यांसाठी: सिंहराजात वनखात्याचा वाटाड्या घेतल्याशिवाय जाता येत नाही, आणि ते बरंच आहे. गावात रोख पैसे लागतात, मोबाइलला रेंज येते-जाते. जळवांचे मोजे घरूनच शिवून न्या. घट्ट विणीचं जाड सुती कापड, गुडघ्यापर्यंत उंची आणि वर नाडी. मीठ, साबण, तिथे मिळणारा सिद्धालेप बाम, सगळ्यांचा थोडाफार उपयोग होतो, पण मोज्यांची सर कशाला नाही.*

शुक्रवार: दिवसा रान, रात्री परसबाग

सकाळी किरीबात. नारळाच्या दुधात शिजवलेला भात थापून त्याच्या वड्या पाडतात आणि सोबत लुणुमिरिस, म्हणजे लाल मिरची, कांदा आणि मीठ वाटून केलेला झणझणीत गोळा. अक्कांनी दादाला तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा तो मराठीतच "पुरे अक्का" म्हणाला आणि त्यांना ते बरोबर कळलं.

फाटकापासून आत जाणारी मुख्य वाट ही खरं तर लाकूडतोडीची जुनी सडक आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लायवूडच्या कारखान्यासाठी या रानातले मोठे वृक्ष तोडायला सुरुवात झाली होती. लोकांनी आणि अभ्यासकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९७७ मध्ये तोड थांबली. १९७८ मध्ये युनेस्कोने सिंहराजाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, १९८८ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. अय्यांनी एका जागी थांबून डावी आणि उजवी बाजू दाखवली. एकीकडे तोडीनंतर पुन्हा वाढलेलं रान, काठीसारखी सरळ बारीक खोडं, मध्ये भरपूर उजेड. दुसरीकडे कधीच न तोडलेलं, जिथे वर बघितलं तर आभाळाचा तुकडा शोधावा लागतो. पन्नास वर्षं होत आली तरी दोन्ही बाजू वेगळ्या ओळखू येतात. आपल्याकडे देवराई आणि तिच्या शेजारचं रान बघितलेल्या माणसाला हा फरक लगेच समजेल.

पक्ष्यांचा मिश्र थवा ही सिंहराजाची खासियत. नारिंगी चोचीचे सातभाई आणि शेंडीवाला कोतवाल पुढे असतात, मागोमाग इतर जातींचे पक्षी चालत्या मिरवणुकीत शिरावेत तसे येत राहतात. कोलंबो विद्यापीठाचे लोक कित्येक दशकं या थव्यांचा अभ्यास करतायत. याच रानात जानेवारी २००१ मध्ये दीपाल वारकागोडा यांना घुबडाची एक अशी जात दिसली जी विज्ञानाला तोवर माहीतच नव्हती. त्याआधी काही वर्षं ते फक्त तिचा आवाज ऐकत होते. वाटेत घटपर्णीचे वेल लागले, कड्यावर लोंबणाऱ्या सुरया पाण्याने निम्म्या भरलेल्या. श्रीलंकेतली ही घटपर्णी दुसरीकडे कुठे होत नाही.

अय्या एकदम थांबले आणि हाताने आम्हाला मागे सरकवलं. वाटेच्या कडेला वाळक्या पानांत वीतभर लांबीचा तपकिरी साप, नाकाचा शेंडा वर उचललेला. हम्पनोज पिट वायपर, चापड्याचाच भाऊबंद. तिथे त्याला कुणकटुवा म्हणतात. श्रीलंकेत विषारी सर्पदंशाच्या सगळ्यात जास्त घटना याच्या कुळातल्या सापांमुळे होतात. बहुतेकदा सूज आणि वेदनांवर निभावतं, पण काही जणांची मूत्रपिंडं निकामी होतात. दादाने मला अर्धा तास चालताना एवढंच बजावलं, "तू वर बघत चालतेयस. वर बघायचं असेल तेव्हा थांबायचं, चालताना खाली बघायचं." हिरव्या चापड्याच्या शोधात आलेल्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, कारण ज्याच्यासाठी नजर फांद्यांवर असते त्याच्यापेक्षा पायाजवळचा भाऊबंद जास्त घातक.

दुपारी तीनला आभाळ फुटलं. फेब्रुवारी म्हणजे तिथला कोरडा काळ, पण सिंहराजात कोरडा हा शब्द फार विश्वासाने घेऊ नये. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घरी पोचेपर्यंत वीज गेली होती. अक्कांनी चुलीवर भात, पोलोस म्हणजे कोवळ्या फणसाची काळपट मसालेदार भाजी, परिप्पू नावाचं नारळाच्या दुधातलं मसूर डाळीचं वरण आणि मंडूकपर्णीची ओलं खोबरं घालून केलेली कच्ची कोशिंबीर केली होती. माशाला आंबटपणा गोरक्याचा. गोरका हा आपल्या कोकमाचाच भाईबंद, फळ सुकवून काळं करतात. कंदिलाच्या उजेडात ते जेवण मला अजून आठवतं.

पाऊस आठच्या सुमाराला थांबला. रात्री राखीव रानात जाता येत नाही. त्यामुळे अय्या आम्हाला गावातच त्यांच्या मेहुण्याच्या परसबागेत घेऊन गेले. घराला लागून सुपारी, मिरीचे वेल, दालचिनी, थोडा चहा आणि मागे ओढा. ओढ्याच्या पलीकडे रान सुरू. मेहुण्यांनी ओसरीवरूनच हात करून दिशा दाखवली. चार-पाच दिवसांपासून ती तिथेच आहे, म्हणाले.

ती मादी होती. कमरेएवढ्या उंचीवर, सुपारीच्या खोडावर चढलेल्या मिरीच्या वेलात. मी टॉर्चच्या उजेडात त्या वेलाकडे बघत होते तरी काही क्षण मला पानंच दिसत राहिली. मग एकदम वेटोळं दिसलं आणि दिसल्यावर ते पुन्हा पानांत हरवेना. हिरव्या खणावर काळ्या दोऱ्याने वेडंवाकडं भरतकाम करावं तशी अंगभर नक्षी. डोळ्यामागून मानेकडे जाणारी काळी पट्टी. शेपटीचं टोक काळं आणि वेलाला पक्कं गुंडाळलेलं, सगळा भार त्याच्यावर. डोकं खाली झुकवून ती ओढ्याकडे तोंड करून बसली होती. दिवसा उभी चीर असणारी बाहुली रात्री फुगून जवळजवळ गोल झालेली.

दादा एवढा हळू बोलतो हे मला माहीत नव्हतं. नाकपुडी आणि डोळा यांच्या मधला खळगा त्याने मला टॉर्च बाजूला धरून दाखवला. त्या खळग्यात ताणलेला अगदी पातळ पडदा असतो, त्याला उष्णता कळते. आसपासच्या हवेपेक्षा किंचित ऊबदार असलेला उंदीर किंवा पाखरू समोरून गेलं की अंधारातही तिला त्याची जागा समजते. म्हणून ती शोधत फिरत नाही, बसून राहते. बेडूक, सरडे, उंदीर, लहान पक्षी, जे वाटेवरून जाईल ते. या जातीत मादी नरापेक्षा मोठी असते. ती अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते.

आम्ही तिच्यापासून चार हात लांब, ओल्या जमिनीवर बसलो. अय्यांनी टॉर्च मंद केली. ती हलली नाही. एक झुडूपबेडूक अगदी जवळ ओरडायला लागला, तरी हलली नाही. माझ्या मनात भीती नव्हती, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. पूर्णवेळ एक आदर होता, आणि आपण तिच्या घरी आलोय याची जाणीव.

*फोटो काढणाऱ्यांसाठी: साप आपल्या लांबीच्या साधारण निम्म्या अंतरापर्यंत झेप घेऊ शकतो, तरी अंतर त्याहून कितीतरी जास्त ठेवा. दीड मीटरच्या आत जाऊ नका, लांबची लेन्स न्या. डोळ्यांवर एकामागून एक फ्लॅश मारू नका. आणि फोटो टाकताना जागेची नोंद बंद करा. असे देखणे साप चोरून नेऊन परदेशात विकणारे लोक आहेत, आणि एकाच वेलावर दिवसेंदिवस बसणाऱ्या सापाला शोधायला त्यांना एक नकाशा पुरतो. श्रीलंकेत वन्यजीवांसाठी १९३७ पासूनचा कायदा आहे. परवान्याशिवाय प्राणी बाहेर नेणं हा गुन्हा आहे.*

शनिवार: पाऊस आणि बेडूक

उजाडताच दादा कुणाला न उठवता परसबागेत जाऊन आला. मी उठले तेव्हा ओसरीवर मेहुण्यांबरोबर चहा पीत बसला होता. मादी तिथेच होती. रात्रीपेक्षा फार तर वीतभर वर सरकलेली, अंगावर पावसाचे थेंब, डोकं वेटोळ्यावर टेकलेलं. उजेडात तिचा हिरवा रंग रात्रीपेक्षा निळसर वाटत होता. मेहुण्यांच्या घरात दोन लहान मुलं आहेत. त्यांना त्या वेलाजवळ खेळायचं नाही एवढं सांगून ठेवलंय आणि वेलावरची मिरी तोडायचं काम पुढे ढकललंय. मी विचारलं, भीती नाही वाटत? अय्यांनी भाषांतर केलं, त्यांचं उत्तर असं होतं की कुठे बसलीय ते माहीत असलेल्या सापाची भीती कमी असते.

दिवसभर पाऊस थांबून थांबून येत राहिला. आम्ही रानात थोडंच फिरलो. सकाळी ब्लू मॅगपायची जोडी अक्कांच्या अंगणात आली होती, रात्री दिव्याखाली पडलेले पतंग वेचायला. निळा, तांबूस आणि लाल चोच, असा पक्षी खिडकीतून बघत दुपारची डुलकी काढायची चैन क्वचितच मिळते.

ओसरीवर बसून दादा आणि अय्यांच्या खूप गप्पा झाल्या. सह्याद्री आणि श्रीलंका यांना शास्त्रज्ञ जैवविविधतेचा एकच प्रदेश धरतात. हिमयुगांत समुद्राची पातळी खाली गेली की भारत आणि श्रीलंका यांच्यामध्ये जमीन उघडी पडायची, आणि हे पुन्हा पुन्हा घडलं. मग आंबोलीचा चापडा आणि सिंहराजाचा चापडा वेगळे का? कारण पूल होता तरी वाट कोरडी होती. तामिळनाडूची सखल भूमी आणि उत्तर श्रीलंका, दोन्हीकडे झुडपी रान आणि ऊन. दमट सावलीत जगणाऱ्या जिवांना ती वाट ओलांडणं जवळपास अशक्य. म्हणून बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या पावसाळी पट्ट्यात हे साप, बेडूक, सरडे आपापले वेगळे होत गेले.

तरीही काही जण गेलेच. अय्यांनी दाखवलेले रात्रीचे झुडूपबेडूक स्यूडोफिलॉटस कुळातले. या कुळातल्या बहुतेक साऱ्या जाती श्रीलंकेत आहेत. त्यांना डबक्याची गरज नसते, अंड्यातून बेडूकमाशाऐवजी थेट चिमुकला बेडूकच बाहेर येतो. या कुळातल्या मोजक्या जाती सह्याद्रीत आहेत आणि त्यांचे पूर्वज श्रीलंकेतून भारतात परतले असं जनुकांच्या अभ्यासावरून दिसतं. त्यातल्या एकीचं नावच मुळी आंबोली आहे: स्यूडोफिलॉटस आंबोली. दादाच्या घरामागच्या झुडपात पावसाळ्यात ओरडतो तो. त्याचा आवाज दादाच्या फोनवर होता. त्याने तो लावला, अय्यांनी डोळे मिटून ऐकला, पुन्हा लावायला सांगितला. आणि मग आपल्या अंगणातल्या बेडकाची लकब कशी वेगळी आहे ते तोंडाने काढून दाखवलं. या प्रवासात मला सगळ्यात जास्त आनंद कधी झाला असं कुणी विचारलं तर मी ती दुपार सांगेन.

*दंश झालाच तर: आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते. श्रीलंकेतही भारतातूनच आलेली लस वापरतात. हिरव्या चापड्यावर ती उपयोगी नाही. त्याच्या दंशाने मृत्यू येणं फार दुर्मीळ, पण सूज, फोड आणि वेदना भयंकर असतात आणि रक्त गोठण्यावर परिणाम होतो का ते डॉक्टरांनीच बघावं लागतं. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, हात किंवा पाय हलू देऊ नका आणि रुग्णालय गाठा. जवळचं सरकारी रुग्णालय कलावान्याला. श्रीलंकेत १९९० हा मोफत रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. ही सेवा २०१६ मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली.*

रविवार: चहाच्या ओळी

निघायच्या आधी अय्या आम्हाला त्यांच्या शेजारच्या चहाच्या मळ्यात घेऊन गेले. मळा म्हणजे दोन-अडीच एकर, घरचाच. पाठीला गोणपाटाची पिशवी लावून एक बाई पानं खुडत होत्या. चहाच्या झुडपाची उंची, दाट पालवी आणि गारवा पला पोलंगाला मानवतो, आणि खुडणारे हात उघडेच असतात. त्यांना काही वर्षांपूर्वी उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ दंश झाला होता. हात कोपरापर्यंत सुजला, आठवडाभर रुग्णालयात काढावा लागला, पेर अजून पूर्ण वाकत नाही. त्यांनी तो आम्हाला वाकवून दाखवला.

मी विचारलं, त्या सापाचं काय केलं? मारला का? त्या म्हणाल्या, मारायला तो सापडायला हवा, आणि एक मारला म्हणून मळ्यातले सगळे जातात का? आता त्या रोज ओळीत शिरण्याआधी बांबूची लांब काठी घेऊन झुडपांच्या माथ्यावरून आडवी फिरवतात. कुणी बसलेलं दिसलं की ती ओळ त्या दिवशी सोडायची, काठीला चिंधी बांधून तिथेच रोवायची म्हणजे मागून येणाऱ्यालाही कळतं. त्या दिवशी मळ्यात एक चिंधी होती. जांभळी, जुन्या लुगड्याची. त्यांनी लांबूनच झुडूप दाखवलं. या वेळी मला हिरव्यातलं हिरवं पहिल्या नजरेत दिसलं. अंगठ्याएवढ्या जाडीचा, रात्रीच्या मादीपेक्षा बराच लहान.

दादाने त्यांच्याशी बराच वेळ, अय्यांना मध्ये घालून, काठीच्या लांबीबद्दल चर्चा केली. आंबोलीच्या आसपास पावसाळ्यात काजूच्या बागा साफ करणाऱ्या बायकांना चापडा चावल्याच्या घटना त्याने पाहिल्यात. हातमोजे द्या, असं तो दरवर्षी सांगतो आणि ओल्या हातमोज्यांनी काम होत नाही, असं उत्तर त्याला दरवर्षी मिळतं. काठी आणि चिंधी ही गोष्ट त्याने वहीत चित्र काढून घेतली. काठी किती जाड, हातात कशी धरायची, वाऱ्याच्या दिवशी काय करायचं, सगळं. बाईंनी हसत हसत त्याच्या हातात काठी देऊन एक अख्खी ओळ त्याच्याकडून फिरवून घेतली आणि दोनदा हात धरून तिरपी करायला लावली.

दुपारी रत्नपुऱ्यामार्गे परत निघालो. अक्कांनी केळीच्या पानात बांधून भात आणि पोलोस दिलं होतं, ते घाटाखाली नदीकाठी खाल्लं. रात्रीच्या विमानाने मुंबई.

*कधी जावं: जानेवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत वाटा चालण्यासारख्या असतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, तेव्हा जळवा आणि घसरड फार. किमान दोन रात्री कुडाव्यात राहा, एका रात्रीत पावसाने घात केला तर हाती काही लागत नाही. देनियायाच्या बाजूनेही रानात शिरता येतं, तो भाग दक्षिण किनाऱ्यावरून येणाऱ्यांना सोयीचा. रात्री बाहेर पडायचं तर राखीव रानाबाहेर, ज्याची बाग आहे त्याची परवानगी घेऊन आणि ओळखीचा वाटाड्या बरोबर असेल तरच. वाटाड्याला ठरलेल्या पैशांच्या वर काही द्यावंसं वाटलं तर चांगली टॉर्च द्या. अय्यांची आमच्या समोर दोनदा विझली होती. दादाने आपली त्यांच्याकडेच ठेवली.*